वर्षाच्या आत

चतुराबाईनं चपला दाराबाहेर काढल्या आणि कैऱ्यांची पिशवी फरशीवर टेकवली. तांब्याभर पाणी ती उभ्यानंच घटाघटा प्यायली आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, "कैऱ्या आपल्या निमित्ताला हायेत बाई. मला तुमचं छत बघायचंय."

मधुवंती हसली. अजून सकाळच होती, पण नानलपेठेतल्या वरच्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांच्या भिंती आत्ताच हाताला तापलेल्या लागत होत्या. झरीहून एसटीत उभी राहून आलेली ही बाई समोर होती, तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं, नुसता घाम होता, आणि चेहऱ्यावर इतका भाबडा विश्वास होता की मधुवंतीला पोटात एकदम गार पडल्यासारखं झालं. अख्ख्या मे महिन्यात परभणीत गार असं तिला तेवढंच काय ते वाटलं. "बसा तर आधी," ती म्हणाली, "छत कुठं पळून जातंय?" बोलून गेल्यावर तिला कळलं, की तीच तर अडचण आहे. छत कुठंही जाणार नव्हतं. ते वर होतं तसंच होतं, गोविंदरावांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, गळती थांबावी म्हणून स्वतः उभं राहून डांबर फासून घेतलेलं, काळंकुट्ट. आणि ही बाई ते बघितल्याशिवाय हलणार नव्हती.

मधुवंती ज्या संस्थेत नोकरीला होती ती संस्था गेल्या काही वर्षांपासून खेड्यापाड्यांत उन्हाशी लढायला निघाली होती. लढायचं म्हणजे काय, तर पत्र्याच्या घरांची छतं पांढरी करायची, म्हणजे निम्मं ऊन आल्या वाटेनं परत जातं. आणि वर सोलरची एक प्लेट बसवून द्यायची, म्हणजे लाईट गेली तरी घरात एक पंखा आणि एक दिवा चालतो. काम सरळ होतं, पुण्यामुंबईच्या लोकांना समजावून सांगायलाही सोपं होतं. झरीतही प्लेट सगळ्यांनी हौसेनं घेतली. निळी काच डोक्यावर चढवायला कुणाचीच हरकत नव्हती. घोडं अडलं ते चतुराबाईच्या घराशी आणि पांढऱ्या रंगाशी. दसऱ्याच्या तोंडावर तिचा नवरा वारला होता, आणि वर्षाच्या आत घराला पांढरं लावत नाहीत. चुना लागतो तो दिवाळीला, लग्नाला, आनंदाच्या घराला. दुःखाच्या घरानं वर्षभर मळकं राहायचं. पापड नाहीत, कुरडया नाहीत, लोणचं नाही, भिंतीला हात नाही. हे सारं मधुवंतीला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. तिच्याही घरी कार्तिकात वडील गेले होते.

आणि म्हणूनच तर ती बोलून बसली. माघ सरता सरता, झरीच्या त्या अंगणात, बायका भिंतीच्या सावलीला बसल्या होत्या आणि चतुराबाईचा चुलत दीर बन्सीधर बाजेवर बसून सुपारी कातरत होता. भावकीत त्याचा शब्द चालायचा. "तुमी गुर्जींच्या लेक," तो मधुवंतीला म्हणाला होता, "गुर्जींनी आमाला शिकिवलं, छड्या बी खाल्ल्यात त्यांच्या. तुमाला न्हाई कसं मनावं? पण ह्ये आमच्यात चालत न्हाई. गुर्जी असते तर त्यांनीच मनलं असतं, बन्स्या, चाल सोडू नको." गोविंदराव झरीच्या शाळेत कितीतरी वर्षं मास्तर होते. मधुवंतीचं बालपण त्याच गावात गेलं. त्या जुन्या मायेच्या जोरावर, की त्या क्षणी हरायचं नव्हतं म्हणून, कोण जाणे, ती म्हणाली, "भाऊ, माझे बाबा जाऊनही वर्ष व्हायचंय. मी माझ्या घराला लावणार आहे. वर्षाच्या आत लावणार आहे. गुरुजींच्या घराला चालतं तर तुमच्या घराला का नाही?" बन्सीधरचा अडकित्ता थांबला. चतुराबाईनं आत वळून पाहिलं. आत पत्र्याखाली तिची लेक राजेश्री भिंतीला टेकून बसली होती, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, घामानं ओली. "लावा," चतुराबाई म्हणाली, आणि आठवडाभरात तिचं छत पांढरं झालं. तेव्हा मधुवंती खोटं बोलली नव्हती. तिला खरंच लावायचं होतं. फक्त जगाला शहाणपण शिकवायला निघालेल्या माणसाच्या घरात एक तरी माणूस असं असतंच, ज्याला ते शहाणपण लागू पडत नाही, हे ती त्या अंगणात विसरली होती.

ते माणूस आता आतल्या खोलीतून भिंतीला धरत बाहेर आलं. मधुवंतीच्या आईनं, विमलाबाईंनी, चतुराबाईला ओळखलं नाही, पण "गुर्जींच्या बाई" म्हणून ती पाया पडली तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. झरी म्हटलं की तो उजळायचाच. कोण कोण आहे, कोण गेलं, मारुतीच्या पाराजवळचा लिंब आहे का, अशी चौकशी झाली. मग त्यांची नजर पिशवीकडे गेली. "कैऱ्या कशाला आणल्यास गं बाई एवढ्या? आमच्याकडे वर्षाच्या आत लोणचं घालत नाहीत." त्या सहज बोलल्या. चतुराबाई त्यांच्याकडे बघत राहिली, मग तिनं मधुवंतीकडे पाहिलं. "लोनचं बी न्हाई?" ती हळू विचारती झाली, आणि उत्तराची वाट न बघता जिन्याकडे वळली. मधुवंती मागोमाग धावली. "अहो चपला," ती म्हणाली, "चपला तरी घाला," पण चतुराबाई वर पोचली होती. तिनं दाराबाहेर एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि चटका बसून झटकन उंबऱ्यावर परत आली. तळपायाला डांबर चिकटलं होतं. तिथंच उभी राहून, डोळ्यांवर हात धरून, तिनं ती सगळी गच्ची या कडेपासून त्या कडेपर्यंत नीट पाहून घेतली, वावर बघावं तशी.

"काळंच हाय की," ती म्हणाली.

मधुवंतीला वाटलं ती आता बोलेल, चिडेल, चार शब्द सुनावेल. तिनं स्वतःला सावरून धरलं होतं. पण चतुराबाई उंबऱ्यावर बसून तळपायाचं डांबर खरवडायला लागली. "गावात सांगत आले मी," ती खाली बघत म्हणाली, "परभणीच्या बाईंनी बी लावलंय मनून. बन्सीधर भाऊजी मनले, तू बघून ये आन् मग बोल. वरीसश्राद्धाला भावकी जेवायला यायची न्हाई मनायलेत. मानसाचं शेवटचं पान तसंच राहील बाई. कुनी यायचंच न्हाई तर वाढू कुनाला?" मग थोडं थांबून, जणू कुणाचा तरी अपराध होतोय अशा आवाजात, "पण लेकरू निजतंय. खोटं कशाला बोलू? राजेश्रीची भक्ती, दीड मैन्याची झाली आता. भर दुपारचं बी निजतंय लेकरू. आत लय गार हाय."

"आज लावते," मधुवंती म्हणाली. "आज दुपारीच रंगारी बोलावते. तुम्ही थांबा, बघूनच जा."

"नगा बाई. म्हातारीचं मन मोडू नगा." चतुराबाई उठली. "मी बघते काय करायचं ते." आणि खाली येऊन, विमलाबाईंच्या पुन्हा पाया पडून, चपला घालून ती गेली. कैऱ्या तेवढ्या राहिल्या. तिनं चहा घेतला नाही, हे मधुवंतीला ती गल्लीच्या तोंडाशी दिसेनाशी झाल्यावर लक्षात आलं.

दुपारी पंडित रंगारी खरंच आला. संस्थेची गावोगावची छतं तोच रंगवायचा. त्यानं डबा वर नेला, खराट्यानं धूळ लोटली, रंगात पाणी घालून ढवळलं. मधुवंतीनं आईला काही सांगितलं नव्हतं, पण डोक्यावरच्या स्लॅबवर खराटा फिरला की खालच्या माणसाला कळतंच. विमलाबाई पायरी पायरीवर दम घेत वर आल्या. त्यांच्या काखेत पाट होता, देवासमोर बसायचा. तो त्यांनी गच्चीच्या मधोमध डांबरावर ठेवला आणि त्यावर मांडी घालून बसल्या. "लाव," त्या म्हणाल्या, "माझ्यावरून लाव. मलाही पांढरी कर." मधुवंती बोलायला लागली. काय काय बोलली ती! स्लॅब किती तापतो, आतली हवा रात्रीसुद्धा कशी निवत नाही, म्हाताऱ्या माणसाच्या शरीरात पाणी कसं कमी होतं, डॉक्टर काय म्हणाले, सरकार काय म्हणतं. बाहेरगावच्या पाहुण्यांसमोर ती बोलायची तसंच सारं, तितक्याच क्रमानं, आणि बोलता बोलता तिला स्वतःचाच आवाज परक्या बाईचा वाटायला लागला. आई ऐकत होती. उन्हानं तिचे डोळे बारीक झाले होते. "त्यांनी इथं उभं राहून हे लावून घेतलंय," ती म्हणाली, "वर्ष तरी होऊ दे. सहाच महिने राहिलेत, तेवढं तरी मी त्यांचं दुःख करू नको का?" पंडितनं ब्रश डब्यात परत टाकला. "ताई, असं काम मी करत नसतो," तो म्हणाला आणि डबा उचलून, आजींना हात देऊन जिन्यापर्यंत आणून, निघून गेला.

त्या रात्री आणि पुढच्या सगळ्या दिवसांत मधुवंतीला त्या डांबराचा वास येत राहिला. जेवताना, अंगावर पाणी घेताना, कार्यालयात. तो वास तिच्या लहानपणाचाही होता, म्हणून जास्त छळायचा. झरी सोडून परभणीत घर घेतलं त्या पहिल्या उन्हाळ्यात बाबा संध्याकाळी गच्चीवर बादल्या ओतायचे, डांबरातून वाफ निघायची, आणि मग सगळे वर झोपायला. बाबा चांदण्या दाखवायचे. त्याआधी झरीला, पत्र्याच्या शाळेत, ते खिडक्यांना ओली बारदानं टांगायचे आणि पोरं आळीपाळीनं त्यांच्यावर पाणी शिंपडायची. बन्सीधरही त्यातलाच एक असणार. तेव्हाही ऊन होतं. तेव्हा उन्हाशी लढायला कुणी निघालं नव्हतं, नुसतं ओलं बारदान होतं. आताचं ऊन निराळं आहे, हे ती सभांमधून सांगायची आणि ते खरंही होतं. आता बारदान शिंपडून हात काढेपर्यंत कोरडं होतं. आता आई दुपारभर ओला पदर डोक्यावर घेऊन फरशीवर पडून असते, लाईट गेली की वर थांबत जाणाऱ्या पंख्याकडे बघत राहते, आणि विचारलं तर म्हणते, "मला काही होत नाही." मधुवंतीला आईचा राग यायचा, इतका की तिला तो राग सोसवत नसे. आणि त्याच्याखाली आणखी एक गोष्ट होती. आई पाट घेऊन बसली तेव्हा, अगदी क्षणभर, तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. वडिलांच्या डांबरावर ब्रश फिरवायचा तिचाही हात धजत नव्हता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण बाबाच तिला चिडवायला वापरायचे.

त्या आठवड्यात कार्यालयात पाहुणे आले. थंड खोलीत पडद्यावर झरीची छतं दिसली, काळ्या मातीत पांढरे चौकोन. त्यातल्या एका चित्रात चतुराबाई दारात उभी होती आणि तिच्या कुशीत दुपट्यात गुंडाळलेलं लेकरू. पाहुण्यांपैकी एकजण म्हणाला, ही बाई म्हणजे तुमच्या कामाचा चेहराच आहे. सगळ्यांनी मधुवंतीकडे पाहिलं. तिनं मान डोलावली. चतुराबाईला फोन करायचा असं ती रोज सकाळी ठरवायची आणि करायची नाही. करून सांगायचं काय? 'मी बघते काय करायचं ते' हे तिचं वाक्य मधुवंतीला आठवायचं आणि ती आठवायचं टाळायची. पारा चढत होता, रस्ते दुपारी ओस पडत होते, आणि तिला एकाच गोष्टीची भीती वाटत होती, पण ती गोष्ट काय हे ती मनाला विचारत नव्हती. शेवटी एका सकाळी तिच्यानं राहवेना.

"झरीला जाऊन येते," ती चपला घालत म्हणाली. "त्या चतुराबाईकडं. लेकरू कसं आहे ते बघून येते."

"लेकरू?" आई आतून म्हणाली. "तिच्या घरी लेकरू आहे होय? अगं, मग..."

"आले की बोलू आई. गाडी जाईल." आणि तिनं दार ओढून घेतलं.

जिंतूरच्या गाडीत खिडकीची पत्र्याची चौकट हाताला सोसत नव्हती. दोन्ही बाजूंनी नांगरून टाकलेली काळी रानं, भेगाळलेली, पाण्याची वाट बघत पडलेली. झरीच्या फाट्यावर उतरून ती वस्तीकडे चालायला लागली तेव्हा तिनं आधी डोळे खालीच ठेवले. मग वर बघितलं. रांगेतली बाकीची घरं पांढरी होती. चतुराबाईचं छत पांढरं नव्हतं. ते नीट काळंही नव्हतं. खुरप्यानं खरवडून काढलेलं, ओरखडेच ओरखडे, आणि जिथं रंग निघाला नव्हता तिथं वरून राख आणि शेण कालवून फासलेलं. सोलरची प्लेट मात्र निळीशार, झकास, आपल्या जागेवर होती. तिला कुणी हात लावला नव्हता. आणि अंगणात माणसं बसली होती. भावकी आली होती. बन्सीधर बाजेवर नव्हता, खाली मातीत बसला होता, आणि त्यानं मधुवंतीला पाहून टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

आत पाऊल टाकताच तोंडावर झळ आली, भाकरीच्या तव्यावर वाकावं तशी. राजेश्री भिंतीला टेकून बसली होती, जिथं माघात बसली होती तिथंच. तिच्या चोळीवर दुधाचे ओले डाग होते. आढ्याला साडीची झोळी तशीच बांधलेली होती आणि संस्थेचा पंखा भरधाव फिरत होता. भर उन्हात त्याला विजेची काय कमी? बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. तो ती गरम हवा झोळीवर सोडत होता आणि रिकामी झोळी हलत होती.

"परवा," चतुराबाई म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "सकाळी दूध पिलं. दुपारी अंग लय तापलं, मग दूधच धरंना. मोठ्या दवाखान्यात नेलं. डाक्टर मनला, ऊन लागलं. आमी मनलं, व्हय." ती मधुवंतीला बसायला पोतं अंथरायला लागली. मधुवंती उभीच होती. "मीच खरवडलं बाई," चतुराबाई म्हणाली, "कुनी हात धरून करायला न्हाई लावलं. तुमच्याकडून आले त्याच सांजचं. मला वाटलं, पंखा हाय की. चार मैन्यांनी दसरा, वरीस सरंल, मग पुन्ना लावू." मग ती तिच्याकडे बघून, जणू मधुवंतीचीच समजूत घालायची आहे अशा सुरात म्हणाली, "तुमी काय करनार? तुमच्या घरी बी चालत न्हाई. मी बघितलंय ना."

बाहेर येताना बन्सीधर उठला आणि तिच्या मागं मागं चार पावलं आला. "आमी काय लेकराचे वैरी व्हतो का, बाई?" तो म्हणाला. तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो रडत होता, मोठ्या माणसासारखं तोंड वळवून नाही, शाळेतल्या पोरासारखं समोरासमोर. "येवढ्या लेकराचं पुरं सुतक बी नसतं," तो म्हणाला, "तीन दिस, झालं. त्याचं काय पाळावं, ते बी आमाला कळंना." मधुवंतीला त्याचा तिरस्कार करता आला असता तर बरं झालं असतं. तिनं करून पाहिला. जमला नाही. भाऊ, मी खोटं बोलले नव्हते, मला लावायचं होतं, हे वाक्य तिच्या मनात आलं. त्या उन्हात ते वाक्य कुणाच्या काय उपयोगाचं होतं?

परतीच्या गाडीत तिला बसायला जागा मिळाली. शेजारची बाई मांडीवर टरबूज घेऊन बसली होती आणि त्याला जीवाभावानं सांभाळत होती. मधुवंती त्या टरबुजाकडे बघत राहिली. पांढरी छतं, निळ्या प्लेटा, पडद्यावरची चित्रं, सभा, पाहुणे, हे सारं तिच्या डोळ्यांपुढून गेलं आणि त्यातल्या कशाशीही आपला काही संबंध आहे असं तिला वाटेना. पुढच्या वर्षी आणखी गावं घ्यायची होती. पुढच्या वर्षी आणखी ऊन असणार होतं. कुठल्या तरी घरात कुणीतरी गेलेलं असणारच होतं, माणसं काही मरायची थांबत नाहीत, आणि वर्ष नेमकं उन्हाळा ओलांडूनच सरतं. कुठं कुठं पुरं पडायचं? तिला खूप थकवा आला. विद्यापीठाची झाडं आली, गेली. स्टँडवर सगळे उतरले तरी ती बसून होती, मग वाहकानं हटकलं.

घरात लाईट नव्हती. विमलाबाई आज फरशीवर पडलेल्या नव्हत्या. ट्रंक उघडून बसल्या होत्या. ओला पदर डोक्यावरून घसरला होता आणि डोळ्यांत कित्येक महिन्यांत नव्हती ती तरतरी होती. "आलीस? कसं आहे गं लेकरू?"

मधुवंतीनं चपला काढल्या. तांब्याकडे गेली, पाणी ओतलं, प्यायली नाही. आईच्या चेहऱ्याकडे बघवेना. "बरं आहे," ती म्हणाली.

"मुलगा का मुलगी?"

"मुलगी. भक्ती."

"बरंय हो." विमलाबाई ट्रंकेत हात घालून काहीतरी चाचपत होत्या. "सकाळी तू दार लावून गेलीस, ऐकूनच घेईनास. अगं, लेकरू असलेल्या घराला वर्ष नसतं. पाळणा हलतो ते घर दुःखाचं धरतच नाहीत. तिथं चुना चालतो, तोरण चालतं, सगळं चालतं. माझी आजेसासू सांगायची. तुझा भाऊ गोपाळ झाला त्याच वर्षी तुझे आजोबा गेले, तेव्हा यांनी स्वतः चुना कालवला होता भाद्रपदात. झरीलाच की. बन्सीधरनं बादल्या वाहिल्या होत्या, पोर होता तेव्हा. विसरला असेल मेला. मी सांगितलं असतं तर त्याची काय टाप होती नाही म्हणायची?" त्या थांबल्या, दम घेतला. "तू कधी विचारलंस का मला? तू आलीस की कायदाच शिकवतेस. ऊन परत जातं, निम्मं ऊन परत जातं. आणि आपल्या घरात कुठं लेकरू आहे? असतं तर त्या दिवशी मीच पंडितला हाक मारली असती."

डोक्यावरचा स्लॅब तडकल्यासारखा वाजला, ऊन उतरायला लागलं की वाजायचा तसा.

"उद्या मला घेऊन चल झरीला," आई म्हणाली. "मी बन्सीधरच्या तोंडावर सांगते. मग लावा खुशाल पांढरं. पण पहिल्यांदा बघायचं लेकरू, रिकाम्या हातानं कसं जायचं?" तिनं ट्रंकेतून शोधत होती ते बाहेर काढलं. बाबांचं धोतर होतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, कार्तिकापासून तसंच घडी करून ठेवलेलं. या घरात त्याला कुणी हात लावू शकत नव्हतं. आईनं ते मांडीवर उलगडलं, नाकाशी नेलं, मग त्याचा काठ दातांनी जरासा कातरला. "तान्ह्या लेकराला याच्यासारखं मऊ काही नसतं," ती म्हणाली. "चांगली चार दुपटी होतील. धर ते टोक."

मधुवंतीनं टोक धरलं.